सोप्यावरची मधली जागा

१

डिचोलीत कुणाला मरायचं असेल तर त्याने चारनंतर मरावं, असा आमच्याकडे रिवाज आहे. जेवण झालं की अख्खा बाजार झोपतो. मी तेवढा जागा असतो. शटर गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायचं, पंखा लावायचा आणि लोकांच्या मेलेल्या डिस्का घेऊन बसायचं. बंद पडलेल्या संगणकांतून हरवलेलं परत काढून देणं हा माझा धंदा.

माझा दुसरा उद्योग म्हणजे शेजारच्या मधुकरच्या हॉटेलात चहा पिताना थापा मारणं. पाण्यात पडलेली डिस्क मी गच्चीवर कोकमाच्या सोलांबरोबर वाळवली आणि तिच्यातून लग्नाचं अख्खं शूटिंग निघालं, फक्त नवरी जराशी आंबट दिसत होती, ही थाप माझीच. मधुकर म्हणतो, "गणपता, तुज्या बोलण्यांत आनी म्हज्या दुदांत उदक कितलें, तें आमका दोगांकच खबर."

पुढची हकिगत मी त्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही. उठला आणि पलीकडच्या आधीच लख्ख असलेल्या टेबलावर फडकं मारत बसला. तेव्हापासून ती कुणाला सांगितलेली नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. दुपारी शटरखालून दोन धुळकट चपला दिसल्या, त्यांच्यामागे एक सँडलची जोडी. मी शटर वर केलं. नार्वेचे शिवदास आत आले. नदीकाठी त्यांचं कुळागर आहे, सुपारी-नारळाचं, आणि थोडं शेत. छातीशी धरलेली एक काळी पेटी त्यांनी मेजावर ठेवली. मागून त्यांची सून सेजल आली आणि दाराशीच उभी राहिली.

त्यांचा मुलगा सर्वेश दसऱ्यानंतर एका दुपारी घरातून नाहीसा झाला होता. हरमलला त्याच्या पर्यटकांसाठीच्या खोल्या होत्या, तिकडे गेला नव्हता. मोटरसायकल घरी, मोबाइल चार्जरला लावलेला. पोलिसांनी नदी पाहिली, काही सापडलं नाही. भटजी म्हणाले, पळसाच्या पानांचा माणूस करा, त्याला अग्नी द्या आणि मोकळे व्हा. सर्वेशच्या आईने, प्रभावतीबाईंनी, ते ऐकलं नाही. मग देवाला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला कळ्या चिकटवून कौल मागितला. उजवी कळी पडली तर वाट पाहायची, डावी पडली तर क्रिया करायची. दोन्ही कळ्या दिवसभर तशाच चिकटून राहिल्या आणि संध्याकाळी पुजाऱ्याने त्या निर्माल्यात काढल्या.

आता उरलो मी.

घराला दोन कॅमेरे होते, एक पुढे, एक मागे. उन्हाळ्यात अंगणातली सुपारी चोरीला गेली म्हणून सर्वेशनेच लावलेले. पुढचं फाटक रस्त्यावर उघडतं, मागचं दार नदीकडे. तो पुढून गेला असेल तर कुठेतरी गेला, जिवंत आहे, थांबायचं. मागून गेला असेल तर आशा सोडायची. पण चित्रण साठवणाऱ्या या पेटीचा पासवर्ड एकट्या सर्वेशला ठाऊक होता, आणि तो गेल्यावर थोड्याच दिवसांत परतीच्या पावसात वीज पडली आणि पेटी बंद झाली.

"म्हाका आनीक कांय नाका," शिवदास म्हणाले. "तो खंयच्या दारान गेलो, तितलेंच सांगात."

 सेजल पेडण्याची, इथे डिचोलीच्या पतसंस्थेत नोकरीला. तिचा भाऊ दोनदा गाडी घेऊन तिला न्यायला आला होता आणि दोनदा रिकाम्या गाडीने परत गेला होता. सासू सोडत नव्हती. नवरा आला आणि बायको घरात नाही, असं कसं चालेल? तिच्या कपाळावर कुंकू होतं, पण इतकं फिकट, की लावताना तिने मध्येच हात काढून घेतला असावा.

२

पेटी उघडली आणि मी मनातल्या मनात सर्वेशला दोन शिव्या दिल्या. पोर शहाणं, पण हावरं. पेटीत चार डिस्का. त्यांचा वापर दोन प्रकारे करता येतो. एक म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवायच्या, एक डिस्क मेली तरी दुसरी बोलते. पण त्यात निम्मी जागा जाते. सर्वेशने दुसरा प्रकार निवडला होता, पट्ट्यापट्ट्यांचा.

शिवदासांना मी ते असं समजावलं. वाड्यावर सकाळी पोदेर येतो. समजा त्याने एकच लांबलचक पाव भाजला आणि तो तोडून वाटत सुटला. पहिला तुकडा पहिल्या घरी, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या, मग पुन्हा पहिल्या. चार घरांचे हात एकदम पुढे येतात, टोपली भराभर रिकामी होते. पण आता तो पाव जोडायचा तर चारही घरं उघडी हवीत. तुमच्या पेटीतलं चौथं घर विजेने जाळलं आहे. व्हिडिओ आता जुळणार नाही.

शिवदासांनी मान हलवली. त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. वाटण्याच्या पलीकडे गेलेली माणसं मी दुकानात पुष्कळ पाहतो, ती फार शांत असतात.

मग मी म्हटलं, एक मात्र होईल. कॅमेरा व्हिडिओबरोबर थोड्या थोड्या वेळाने एक छोटं चित्रही काढून ठेवतो, अंगठ्याच्या नखाएवढं. ते इतकं लहान असतं की तोडावं लागत नाही, अख्खंच एका घरी पडतं. पहिलं चित्र पहिल्या डिस्कवर, पुढचं दुसऱ्या, असं. तेव्हा पेटी विसरून जायची, एकेक डिस्क सुटी काढायची आणि तिच्या पोटातली ती चित्रं वेचायची. चारांतली तीन मिळतील. चालत जाणारा माणूस तेवढ्यात दिसतो.

"करात," शिवदास म्हणाले.

सेजलने जाताना प्रथमच तोंड उघडलं. काय दिसलं ते आधी तिला सांगायचं, म्हणाली. सासूला नाही, सासऱ्यांनाही नाही.

३

पहिली डिस्क लावली. चित्रं सुटी सुटी निघायला लागली आणि पडद्यावर नार्वेचं घर भरलं. कॅमेरा अंगणातल्या माडावर होता. समोर घराचा बल्कांव, म्हणजे पुढची ओसरी, त्याचा अर्ध्या उंचीचा कठडा. कठड्याला आतून लागून बांधलेला दगडी बाक, म्हणजे आमचा सोपो. त्यावर बसलेल्याचं तोंड घराच्या दाराकडे असतं आणि अंगणातून दिसते ती फक्त पाठ आणि डोकं. अंगणात वाळत घातलेली सुपारी. पायरीवर कुत्रं.

माणसाचं घर असं नखाएवढ्या तुकड्यांत बघत बसणं हे झोप आणणारं काम आहे. कुत्रं झोपलंय. कुत्रं झोपलंय. प्रभावतीबाई सुपारी हलवताहेत. कुत्रं झोपलंय. मी दसऱ्याआधीची एक उन्हाची दुपार नमुन्याला घेतली होती, सगळं नीट निघतंय की नाही ते बघायला. नीट निघत होतं.

मग दुसरी डिस्क लावली. तीच दुपार, तोच सोपो. त्यावर कोणीतरी बसलेलं.

शिवदास असतील, म्हणून मी चहा प्यायला गेलो. परत आलो, तिसरी डिस्क लावली. सोपो रिकामा.

आता यात विचित्र काही नाही. माणूस बसतो, उठतो. मी तिन्ही डिस्कांवरची चित्रं कोपऱ्यातल्या वेळेप्रमाणे एका ओळीत मांडली. रिकामा, बसलेला, रिकामा, मग मेलेल्या डिस्कची खाच. रिकामा, बसलेला, रिकामा, खाच. दोन चित्रांच्या मध्ये जांभई देण्याएवढा वेळ. तेवढ्यात उठून जायचं, परत येऊन अगदी त्याच जागी तसंच बसायचं आणि हे सबंध दुपारभर.

दुसऱ्या डिस्कवर कुत्रंही पायरीवर नव्हतं. ते फाटकाशी होतं, तोंड घराकडे करून.

४

मी थापा मारतो, पण त्या दुसऱ्यांना. स्वतःशी माझा व्यवहार रोखठोक असतो. डिस्क खराब असेल म्हणून ती दुसऱ्या संगणकावर लावली. केबल बदलली. एका चित्राचा डाग दुसऱ्यावर राहतो कधी कधी, म्हणून महिने बदलून पाहिले. डाग असता तर हलला नसता.

हे हललं होतं. कॅमेरा लावला त्या पहिल्या दिवसांत दुसऱ्या डिस्कवर ते फाटकापाशी उभं होतं. पुढे विहिरीच्या कठड्याला टेकलेलं. पाऊस सुरू झाला तेव्हा पायरीच्या खाली, भिजत. गणेशचतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं, मुलं अंगणात फुलबाज्या लावताहेत, त्यांच्यामध्ये ते पायरी चढत होतं. चतुर्थीनंतर सोप्यावर, उजव्या टोकाला. प्रत्येक वेळी पाठ इकडे. माणसं शेजारून जात होती. कोणी थांबत नव्हतं, कोणी वळसाही घालत नव्हतं.

नाही, एकजण घालत होती. प्रभावतीबाई सोप्यावरून फडकं मारायच्या तेव्हा उजवं टोक सोडून मारायच्या. तिन्ही डिस्कांवर.

या दिवसांत माझ्या बोटांच्या टोकांना काही कळेनासं झालं. चहाचा ग्लास गरम आहे की गार ते ओठांना लागल्यावर समजायचं. डॉक्टर म्हणाले, मान वाकवून बसता, शीर दबते. असेल. मला त्याची भीती वाटायला हवी होती, पण भीतीसुद्धा तशीच लांबून कळत होती, भिंतीपलीकडे कुणाचा तरी रेडिओ लागलेला असावा तशी.

शेवटी मी ती दुपार उघडली.

सर्वेश जेवून बाहेर येतो, सोप्यावर बसतो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट. पहिल्या डिस्कवर तो एकटा. दुसऱ्या डिस्कवर त्याच्या उजवीकडे ते. तिसऱ्यावर एकटा. पुन्हा पहिल्यावर एकटा. दुसऱ्या डिस्कवर त्याने मान उजवीकडे वळवली आहे, हाक आल्यावर वळवतात तशी. तिसऱ्यावर सोपो रिकामा. पहिल्यावर रिकामा. दुसऱ्यावर दोघंही, पाठमोरे.

पुढचं फाटक मी तासन्‌तास पाहिलं. मागचं दार पाहिलं. अंगण ओलांडायला लागतो तेवढ्या वेळात तीन-चार चित्रं सहज पडतात, ती सगळी मेलेल्या डिस्कच्या वाट्याला जाणं शक्य नाही. कोणी गेलं नव्हतं. पहिल्या आणि तिसऱ्या डिस्कवरून सर्वेश गेला होता. दुसऱ्यावरून गेलाच नव्हता. त्या रात्रीही तिथेच, दुसऱ्या दिवशीही, पोलिस येऊन सोप्यावर बसून जबाब घेत होते तेव्हाही त्यांच्या बाजूला, तोच शर्ट घालून.

५

एवढं पाहिल्यावर माणसाने काय करावं? मी स्कूटर काढली आणि नार्वेला गेलो. सोप्याच्या मागे खांब असेल, खांबाची सावली पडत असेल, असं काहीतरी मला तिथे सापडायला हवं होतं.

खांब नव्हता. बल्कांव स्वच्छ सारवलेला, आत घड्याळ चाललेलं, कुळागराच्या बाजूने पाटाच्या पाण्याचा आवाज. शिवदास शेतावर होते. प्रभावतीबाई बाहेर आल्या. ठेंगणी, सुकलेली बाई, तोंडावर काही नाही. मी कॅमेऱ्याची वायर बघायला आलोय म्हटलं आणि सवयीने सोप्याकडे वळलो.

"थंय नाका, बाबा," त्या म्हणाल्या. आतून त्यांनी लाकडी कदेल आणून दाराजवळ ठेवली. "हांगा बस."

चहा आणला. एक ग्लास माझ्या हातात दिला आणि दुसरा सोप्यावर ठेवला, उजवीकडून थोडा अलीकडे.  त्याच बोलत राहिल्या, पदराने हात पुसत, भाजीचा भाव सांगावा तसं. चार वेळा बाहेर आलं की एकदा तो बसलेला दिसतो, म्हणाल्या. बरोबर आणखी कोण असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते आधीपासून यायचं. सर्वेश आल्यापासून ते निमूट बसतं. भटजी पळसाचा माणूस जाळायचं म्हणतात, घरातली माणसंही आता म्हणायला लागली आहेत.

"घरांत बसला ताची क्रिया कशी करूं?" त्यांनी मला विचारलं. "तूंच सांग."

मी चहा संपवला. सोप्यावरच्या ग्लासातून वाफ निघत होती, थोड्या वेळाने ती निघायची थांबली. चहा गार झाला, एवढाच त्याचा अर्थ. मी वायर हलवून बघितल्यासारखं केलं आणि निघालो. अंगणातून मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर चारांतली कुठली खेप पडली असती कोण जाणे.

६

सेजल पतसंस्थेतून जेवणाच्या सुट्टीत आली. मी तिला पहिली डिस्क दाखवली, मग तिसरी. तिच्या नवऱ्याचं सोप्यावर बसणं, मग रिकामा सोपो. म्हटलं, मधली चित्रं गेली बघा, वीज पडली ना.

तिने मेजावरच्या डिस्कांकडे पाहिलं. "ही दोन नंबरची बरी दिसता," ती म्हणाली. "हिच्यात काय हा?"

पतसंस्थेत बसणाऱ्या बाईला मोजता येतं हे मी विसरलो होतो. मी दुसरी डिस्क लावली.

ती मेजाला टेकून उभ्याउभ्याच बघत राहिली. सर्वेश मान वळवतो तिथे तिने बोट पडद्याच्या जवळ नेलं, लावलं नाही. रडली नाही. पंख्याने तिच्या कपाळावरचे केस हलत होते, तेवढीच हालचाल. पुढं, म्हणाली. मी पुढचे दिवस दाखवत गेलो. दोन पाठी. दोन पाठी. संध्याकाळ, फाटक उघडतं, सेजल स्वतः येते. रोज कामावरून आल्यावर ती सोप्यावर बसून सँडलचे पट्टे सोडते. पहिल्या डिस्कवर ती एकटी वाकलेली. दुसऱ्या डिस्कवर त्या दोघांच्या डावीकडे.

पुढच्या दिवशी पुन्हा.

त्याच्या पुढच्या दिवशी दोघं एकमेकांपासून सरकून बसले होते. मध्ये एका माणसापुरती जागा. संध्याकाळी सेजल येते आणि त्या जागेत बसते. पट्टे सोडायला वाकते. तिच्या दोन्ही अंगांना खांदे लागलेले.

"माका वाटायचा थंय गार हा," ती म्हणाली. "दगड म्हणान."

वीज पडायच्या आधीचं शेवटचं चित्र आलं. तीच संध्याकाळ, ती तिघं. सेजलचं डोकं खाली. दोघांपैकी एकाने तोंड तिच्याकडे वळवलं होतं. कॅमेऱ्याच्या बाजूला अर्धा चेहरा येत होता. मी चित्र मोठं केलं. नखाएवढं चित्र मोठं केलं की चेहऱ्याचे पाच-सहा चौकोन होतात, उजेडाचे आणि काळोखाचे, त्यात कोणालाही कोणीही दिसावं.

"ह्यो खयचो?" तिने विचारलं. मला वाटतं तिला डावा की उजवा ते विचारायचं नव्हतं.

मी म्हटलं, चित्र लहान आहे.

तिने बराच वेळ पाहिलं. तिला काय दिसलं ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग तिने पदराच्या टोकाने कपाळावरचं ते फिकट कुंकू पुसलं, घाम पुसावा तसं, आणि माझ्याकडे वळली.

"मागल्या दारान गेलो म्हणान सांगा," ती म्हणाली. "न्हंयकडे. तुम्ही बघितलात म्हणान सांगा."

मी म्हटलं, सेजल, डिचोलीपासून पेडण्यापर्यंत माझं कोण खरं मानतं?

"मानतले," ती म्हणाली. "तेंकाय कोणीतरी सांगूंक होया."

७

आयुष्यभर मी हौसेने खोटं बोललो. ही एकच थाप अशी होती की तिच्यात मीठमसाला घालायचीही इच्छा झाली नाही. शिवदासांच्या बल्कांवात कदेलीवर बसून मी सांगितलं की सर्वेश मागच्या दाराने गेला. नदीकडे. परत येताना दिसला नाही.

शिवदासांनी डोळे मिटले आणि हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. कित्येक दिवसांनी त्या माणसाने श्वास पुरता सोडला असावा. प्रभावतीबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सोप्याकडे, मग सुनेकडे. सेजल अंगणात उभी होती. ती आता पायरीही चढत नव्हती, मागच्या दाराने घरात जायची.

"बरें," प्रभावतीबाई म्हणाल्या. "करात क्रिया."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. अंगणात उभ्या असलेल्या त्या पोरीकडे बघून त्या हो म्हणाल्या होत्या. हे मला तेव्हाच कळलं आणि तेही लांबूनच.

नदीकाठी पळसाच्या पानांचा माणूस केला. नारळाचं डोकं. भटजींचे मंत्र वाऱ्यावर तुटत होते. पानं ओली होती, नुसती धुमसत राहिली, मग एकदम पेटली. तेरावं झाल्यावर सेजलचा भाऊ पेडण्याहून आला आणि या खेपेला गाडी भरून गेला. जाताना तिने सासूला मिठी मारली. प्रभावतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा इकडे येऊ नकोस, असं अगदी साध्या आवाजात सांगितलं. सगळ्यांना वाटलं, दुःखाने बोलतात.

८

पौषात शिवदासांचा फोन आला. सुपारी उतरवली आहे, अंगणात वाळत घालायची, कॅमेरे परत चालू करून द्या. मी म्हटलं, या खेपेला पट्ट्यापट्ट्यांचा प्रकार नको. दोनच डिस्का घालू, दोन्हींवर सगळं राहील, एक मेली तरी काही हरवणार नाही.

दुपारी नार्वेला पोचलो. पेटीत घालायला मी दोन नव्या डिस्का नेल्या होत्या. जुन्या तीन पिशवीत होत्या, परत करायच्या म्हणून. प्रभावतीबाईंनी पिशवीत हात घातला आणि त्यांतली नेमकी दोन नंबरची बाहेर काढली. वरचा नंबर त्यांना वाचता येत नव्हता.

"ही आसूं दी," त्या म्हणाल्या. "घरची ती घरांत बरी."

खरं सांगायचं तर मला ती माझ्या कपाटात नकोच होती. मी ती पेटीत बसवली, शेजारी एक नवी बसवली. अशी जोडी लावली की पेटी आधी एक काम करते, जुनीवर जे काही असेल ते सगळं नवीवर उतरवते. मग पुढे दोन्हींवर सारखंच. हे मला ठाऊक होतं. रोज करतो. बोटांना बटण लागलं की नाही तेही कळलं नाही, पण हिरवे दिवे फडफडायला लागले म्हणजे लागलं असणार.

मी कदेलीवर बसून वाट पाहत होतो. पेटी दाराच्या आत, दिवे मला दिसत होते. शिवदास आत जेवून पडले होते. कुत्रं फाटकाशी होतं, तोंड घराकडे. अंगणभर सुपारी, तिचा तो दमट वास.

प्रभावतीबाई चहा घेऊन बाहेर आल्या. तबकात चार ग्लास. एक मला दिला. दोन सोप्यावर ठेवले, मध्ये अंतर सोडून. चौथा हातात धरला. मग नऊवारीचा ओचा सावरला, एक खांदा पुढे काढला, अंग आवळून घेतलं, म्हापशाच्या बसमध्ये दोन माणसांच्या मधल्या फटीत शिरताना बाया करतात अगदी तसं, आणि रिकाम्या सोप्यावर मधोमध बसल्या. डाव्या अंगाला हात दाबून धरलेला, उजव्यालाही. सोपो चांगला चार माणसांचा लांब. दोन्हीकडे वीतभर जागा त्यांना मिळत नव्हती.

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि डावीकडे जरा मान कलली. ऐकताना कलते तशी. चेहऱ्यावर इतके दिवस काही नव्हतं, तिथे थोडंसं काहीतरी आलं. ते काय होतं ते मी तपासलं नाही. मी चटकन दिव्यांकडे पाहिलं.

दोन्ही दिवे स्थिर झाले होते.

आतून शिवदासांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग ते डोळे चोळत उंबऱ्यावर आले. त्यांनी अंगण पाहिलं, सोपो पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पाहिला. प्रभावतीबाई त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसल्या होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला नव्हता.

"ही खंय गेली?" शिवदासांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. वाक्य आत तयारच होतं, वेगळं काही शोधावं लागलं नाही.

"मागच्या दाराने गेल्या," मी म्हटलं. "नदीकडे."